हमालाचा चौथा मजला

ललिताबाई रणपिसे कधी चुकत नाहीत, हे येरवड्यात बहुतेकांना ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना ललिताबाई स्वतः सांगत. उभा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेलेला, त्यामुळे जगात बरोबर आणि चूक अशा दोनच गोष्टी असतात आणि त्यातली पहिली आपल्याकडे असते, अशी त्यांची खात्री झाली होती. त्यांचे यजमान संजयराव टपाल खात्यात होते. पत्ता अर्धामुर्धा असला तरी पत्र पोचतंच, अशा वृत्तीचा माणूस. दोघांचं तसं उत्तम चाललं होतं. भांडणाचा विषय एकच, चौथा मजला.

हा मजला कुठल्या इमारतीचा नव्हे. संजयराव मिसरूड फुटलेल्या वयात होते तेव्हा कॅम्पात एका थिएटरमागच्या बोळात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. कपाटाएवढी मशिन्स, पुढे एक दांडी आणि एक बटण, आत नाणं टाकलं की खेळ सुरू. संजयराव आणि त्यांचा जिवलग दोस्त दशरथ तिथे पडीक असत. एका मशीनमध्ये एक बुटका गडी पाठीवर पोतं घेऊन गोदामाच्या शिड्या चढायचा, आणि वर बसलेलं अस्वल त्याच्या अंगावर भोपळे गडगडत सोडायचं. भोपळ्यावरून उडी मारायची, शिडी गाठायची, वर सरकायचं. खेळाचं नाव मशीनवर लिहिलेलं होतं, पण जपानीत, म्हणजे असून नसल्यासारखं. पोरांनी पाठीवरचं पोतं पाहिलं, खेळाला 'हमाल' म्हटलं आणि बारसं उरकलं.

पुढे पार्लर बंद पडून तिथे झेरॉक्सचं दुकान आलं. संजयरावांचं लग्न झालं, आम्रपाली झाली. ती पहिलीत गेली तेव्हा संजयरावांनी तिच्यासाठी टीव्हीला जोडायचा गेम आणला. कॅसेटवर लिहिलं होतं की आत शंभर खेळ आहेत. प्रत्यक्षात मोजकेच होते आणि तेच रंग बदलून पुन्हा पुन्हा येत होते. पण त्या मोजक्यांत हमाल होता. तेच पोतं, तेच अस्वल, फक्त चित्र जरा चेपलेलं. संजयरावांना भरून आलं. त्यांनी मोठ्या हौसेने बायकोला शेजारी बसवून खेळ दाखवला, आणि तीच त्यांची त्या घरातली शेवटची पाळी ठरली. रिमोट एकदा ललिताबाईंच्या हातात गेला तो काही परत आला नाही.

भूमितीच्या प्रमेयाकडे बघावं तशा ललिताबाई हमालाकडे बघायला लागल्या. शाळेतून यायचं, पदर खोचायचा, चहा टाकायचा आणि चहा उकळेपर्यंत हमाल. कुठला भोपळा शिडीवरून खाली वळतो, कुठला सरळ जातो, अस्वल फेकण्याआधी कुठल्या बाजूला कान हलवतं, सगळं त्यांनी हेरून ठेवलं. चहा कित्येकदा उतू गेला. ज्या मुलीसाठी गेम आणला तिला आपला नंबर लागायला आईला ताप यायची वाट बघावी लागे. असं करत बाईंनी पहिला मजला सर केला, दुसरा केला, तिसरा केला. तिसऱ्यावर अस्वलाच्या बुडाखालचं स्टूल ओढायचं असतं. ते ओढलं की अस्वल धपकन आपटलं, पिपाणी वाजली आणि खेळ पुन्हा पहिल्या मजल्यावर आला. ललिताबाईंनी रिमोट खाली ठेवला आणि खेळ संपल्याचं जाहीर केलं.

"अजून कुठे संपला," पलंगावरून संजयराव म्हणाले. "अजून चौथा मजला आहे. पट्ट्यांचा."

त्यांनी वर्णनच केलं. कारखान्यात असतात तसे चालते पट्टे, एक इकडे पळतो, एक तिकडे, त्यांवरून मडकी वाहत येतात, आणि हमाल उभ्या उभ्या मागे ओढला जातो. पार्लरमध्ये आपण हा मजला एका हाताने पार करायचो आणि दुसऱ्या हातात चहाचा ग्लास असायचा, असंही त्यांनी वर जोडून दिलं. ललिताबाईंनी पुन्हा खेळून दाखवलं. तिसऱ्यानंतर पहिला आला. पुन्हा खेळल्या, पुन्हा पहिलाच आला. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणून त्यांनी नवऱ्याला थापाड्यांच्या यादीत घातलं ते कायमचं.

तिथून 'चौथा मजला' हा शब्द नात्यागोत्यात पसरला. ललिताबाईंच्या बहिणीने, हेमाने, तो आधी उचलला. नळवाला उद्या येतो म्हणाला, की चौथा मजला. जावई म्हणाला वजन कमी केलंय, चौथा मजला. चौदा एप्रिलला सगळं गणगोत जमायचं तेव्हा तर जेवणं झाल्यावर कोणीतरी हटकून विचारायचं, काय संजयभाऊ, लिफ्ट सुरू झाली का. संजयरावही हसायचे. दशरथ आला की छातीठोकपणे साक्ष द्यायचा की मजला होता, आपण डोळ्यांनी पाहिलाय. त्यावर चोर चोर मावसभाऊ, असा ललिताबाईंचा निकाल तयार असे. मग एका वर्षी दशरथ गेला, आणि संजयरावांच्या बाजूने बोलणारं कोणीच उरलं नाही.

मोबाइल आले तेव्हा आम्रपालीने शोधून पाहिलं. पण खेळाचं खरं नावच कोणाला माहीत नव्हतं, आणि 'हमाल' टाकलं की मार्केट यार्डातल्या हमालांच्या सभेच्या बातम्या येत. अस्वल, भोपळा, पोतं असं सगळं मिळून टाकलं तर भोपळ्याच्या घारग्यांची कृती आली. ती बरी होती म्हणे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं ते संजयराव निवृत्त होईपर्यंत. निवृत्तीनंतर माणूस जरा विसराळू झाला. पेन्शनच्या कामाला म्हणून निघायचे आणि मेथी घेऊन परत यायचे. शेजाऱ्याचं नाव अडायचं. काही सांगायला लागले की ललिताबाई मध्येच म्हणायच्या, अहो, ते तुमच्या डोक्यात घडलं असेल, जगात नाही. त्यांच्या दृष्टीने ही नेहमीचीच थट्टा होती. पण संजयरावांच्या गोष्टी हळूहळू कमी झाल्या. पाहुण्यांत बसले की आपले सुपारी कातरत ऐकायचे. आणि एका सकाळी चहा पिताना त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं.

"ललिता, तो मजला खरंच नसेल का गं? मीच रचला असेन मनाने?"

ललिताबाईंकडे याचं उत्तर इतक्या वर्षांचं तयार होतं. पण समोर बसलेला माणूस थट्टा करत नव्हता. तो घाबरला होता. एक मजला खोटा निघाला तर त्याखालचं काय काय खोटं निघेल, याची त्याला भीती वाटत होती. पार्लर, दशरथ, तो बोळ, सगळंच. आयुष्यात पहिल्यांदा ललिताबाईंना आपण बरोबर असल्याचं वाईट वाटलं. बिस्किट घ्या, एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्रपालीचा फोटो आला. हडपसरला तिच्या ऑफिसजवळ नवं कॅफे निघालं होतं. राजनंदिनी नावाच्या एका उत्साही मुलीने भंगारातून जुनी मशिन्स आणून, दुरुस्त करून तिथे मांडली होती. फोटोत भिंतीशी एक कपाट, आणि कपाटावर रंग उडालेलं अस्वल, हातात भोपळा. खाली आम्रपालीने फक्त लिहिलं होतं: रविवारी या.

ललिताबाईंच्या अंगात वारं शिरलं. कपाटातून चांगली साडी निघाली, चष्मा पुसला गेला, बहिणीला फोन झाला की आज निकाल लागतोय. संजयराव मात्र रिक्षात सबबी शोधत होते. बंडगार्डनच्या पुलावर म्हणाले, गर्दी फार आहे. मुंढव्याला म्हणाले, गुडघा जरा धरलाय. हडपसर आलं तेव्हा म्हणाले, पुढच्या आठवड्यात आलो असतो तरी चाललं असतं. ललिताबाईंनी रिक्षावाल्याला आणखी जोरात घ्यायला सांगितलं.

कॅफेत संगणकवाल्या पोरापोरींची झुंबड होती. राजनंदिनीने इथला नियम सांगितला: काउंटरवरून टोकन घ्यायचं, मशीनच्या काचेखालच्या पट्टीवर ठेवायचं, तोच आपला नंबर. एका टोकनात तीन गडी, पुढच्याचे तिन्ही मेले की आपण उभं राहायचं. हमालाचं मशीन तिने नगरच्या एका भंगारवाल्याकडून उचललं होतं. किती मजले आहेत असं ललिताबाईंनी थेटच विचारलं. तिला काय माहीत असणार. ती स्वतः दुसऱ्याच्या वर गेली नव्हती, आणि कॅफे उघडल्यापासून दुसरंही कोणी गेलं नव्हतं.

पहिली पाळी संजयरावांची. साहजिकच होतं, मजला त्यांचा. त्यांनी दांडीवर हात ठेवला आणि क्षणभर त्यांच्या खांद्यांत मिसरूड फुटलेला संजय आला, आम्रपालीला तो स्पष्ट दिसला. मग पहिला भोपळा आला आणि हमाल आडवा झाला. दुसरा गडीही त्याच भोपळ्याला, तिसरा शिडीवरून पडला. नवं टोकन घेतलं, तेच झालं. पुढचंही तसंच गेलं. घरात रिमोट पुन्हा कधी हाताला लागलाच नव्हता, बोटांना आठवणार काय? संजयराव बाजूला झाले आणि जमत नाही म्हणाले. आवाजात जरा सुटकाही होती.

आता आम्रपालीने आईकडे पाहिलं. संजयरावांनी बायकोकडे पाहिलं. राजनंदिनीला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण तिनेही पाहिलं. घोडं कुठे पेंड खातंय ते ललिताबाईंच्या ध्यानात आलं. चौथ्या मजल्यापर्यंत चढू शकेल असं अख्ख्या पुण्यात एकच माणूस होतं, आणि तो मजला नाही असं जन्मभर सांगत आलेलं माणूसही तेच. आरोपीचा साक्षीदार सरकारी वकिलाने शोधून आणायचा, असा प्रकार. ललिताबाईंनी पदर खोचला आणि आम्रपालीला पर्स धरायला दिली.

सुरुवातीला त्यांचीही फजिती झाली. घरी सगळं काम अंगठ्याचं, इथे दांडी मुठीत धरायची. पहिले दोन गडी त्यांनी दांडी पोळपाटावरच्या लाटण्यासारखी दाबून मारले. मागे एक चष्मेवाला पोरगा, तेजस नाव त्याचं, काकू, हलक्या हाताने, असं म्हणाला. ललिताबाईंनी वळून त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेने पूर्वी येरवड्यातल्या पोरांच्या पिढ्या पाढे म्हणायला लागल्या होत्या. तेजसने ताबडतोब तोंड मिटलं. पण हात हलका मात्र झाला.

आणि मग बाई सुटल्या. भोपळा आला, उडी. दोन आले, एकदम उडी. शिडी अर्धी चढून थांबल्या, भोपळ्याला वरून जाऊ दिलं, पुढे सरकल्या. अस्वलाने कान हलवला की या आधीच दुसऱ्या बाजूला. पहिला मजला संपला तेव्हा तेजस परत पुढे सरकला. दुसऱ्यावर झुलते दोर होते, त्यांवरून बाईंनी हमालाला असा नेला की राजनंदिनी कॉफीचं मशीन तसंच चालू सोडून आली. कोणाच्या तरी कपात कॉफी भरून वाहत होती. पोरं टाचा उंचावून बघत होती, मागच्यांना पुढचे सांगत होते, आणि सगळ्या गोंधळात ललिताबाई स्वतःशीच हातचे घेतल्यासारखं पुटपुटत होत्या, हा गेला, हा जाऊ दे, आता हा. त्यांना मजा येत होती, सपाटून मजा येत होती. आपण इथे कशासाठी आलो हेसुद्धा त्या विसरल्या होत्या.

तिसरा मजला आला. पोतं, शिड्या, वटवाघळं, आणि वर स्टूल टाकून बसलेलं अस्वल. शेवटचा गडी होता. वटवाघळं चुकवत ललिताबाईंनी त्याला स्टुलाच्या पार बाजूला नेऊन उभा केला. आता फक्त बटण दाबायचं होतं. तेवढ्यात मागून संजयराव वाकले आणि त्यांच्या कानाशी हळूच बोलले.

"राहू दे, ललिता. घरी जाऊ."

मशीनच्या काचेत ललिताबाईंना नवऱ्याचा चेहरा दिसला, त्या सकाळी चहा पिताना होता तसाच घाबरलेला. इथे बोट जरा ढिलं सोडलं असतं तर वटवाघूळ येऊन काम करून गेलं असतं. मग त्या जन्मभर बरोबर राहिल्या असत्या, आणि संजयरावांनाही कधी कळलं नसतं. सगळं होतं तसं राहिलं असतं, सुपारी कातरत. ललिताबाईंना एकदम वाटलं की आपल्याला बरोबर राहायचंच नाही. देवाला नवस बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी अस्वलालाच मनातून सांगितलं, बाबा रे, आज पडू नकोस. आणि बटण दाबलं.

स्टूल निसटलं. पिपाणी वाजली नाही. अस्वल अर्ध्यात लटकलं, त्याने वरचा दोर पकडला आणि सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन ते वर निघून गेलं. पडदा काळा झाला.

मग पट्टे आले.

एक इकडे पळत होता, एक तिकडे. त्यांवरून मडकी वाहत येत होती. खालच्या पट्ट्यावर हमाल उभा होता आणि उभ्या उभ्या मागे ओढला जात होता. शब्दाला शब्द तसाच. घरच्या कॅसेटवाल्यांनी हा मजलाच गाळला होता, एवढंच. पोरांनी गलका केला. आम्रपालीने पर्स खाली टाकून तोंडावर हात धरला. ललिताबाईंनी दांडी सोडून दिली आणि वळून नवऱ्याकडे पाहिलं. संजयराव पडद्याकडे बघतच नव्हते, ते बायकोच्या तोंडाकडे बघत होते. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि तिकडे हमाल पट्ट्यावरून मागे मागे जात मडक्यासकट खाली पडला. त्या कॅफेतली चौथ्या मजल्यावरची पहिली स्वारी उडी न मारताच संपली. तेजसने डोक्याला हात लावला.

"होता," ललिताबाई म्हणाल्या. "अहो, होता की. माझंच चुकलं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून याआधी कोणी ऐकलं नव्हतं. आम्रपालीने तर नक्कीच नव्हतं. संजयरावांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा काढला, आणि चष्मा पुसायच्या ऐवजी डोळेच पुसले. दशरथला कळायला हवं होतं, एवढंच म्हणाले. मग लगेच हसायला लागले. ते हसू थांबेना. ललिताबाईही हसायला लागल्या, आणि समोरच्या पोरांना काही कळत नव्हतं तरी तीही हसायला लागली.

जरा शांत झाल्यावर ललिताबाईंनी डोळे कोरडे केले, काउंटरवरून मूठभर टोकनं आणली आणि काचेखालच्या पट्टीवर ओळीने लावून टाकली. मागच्यांचे चेहरे पडले. बाईंनी पदर नव्याने खोचला आणि नवऱ्याला अगदी विद्यार्थ्याच्या नम्रतेने विचारलं की आता नीट सांगा, हा पट्ट्यांचा मजला पार कसा करायचा.

संजयरावांनी चष्मा नाकावर चढवला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"ते मला काय माहीत," ते म्हणाले. "मी कधी पार केलाच नाही."

"आणि तो एक हात? तो चहाचा ग्लास?"

"चहा होता," संजयराव म्हणाले. "चहा खराच होता."

ललिताबाईंना आता खरं तर चिडायचा पूर्ण हक्क होता. त्यांनी चिडून पाहिलंही, पण तोंड हसण्यात गुंतलं होतं. शेवटी त्या डावीकडे सरकल्या, नवऱ्याला शेजारी ओढलं, दांडी त्याच्या हातात दिली आणि उडीचं बटण स्वतःकडे ठेवलं. एका हमालाला दोघं मिळून चालवायला लागले. पहिल्याच भोपळ्याने तो आडवा झाला. तुम्ही उशिरा वळलात, असं या म्हणाल्या, तू आधीच उडी मारलीस, असं ते म्हणाले, आणि दोघांनी एकदमच पुढच्या टोकनाला हात घातला. तेजसने जवळची खुर्ची ओढली आणि बसून घेतलं. आज आपला नंबर काही लागत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.